पाटाच्या पाण्यावरचा दिवा

आमच्या घरात पहिली बत्ती लागली ती विजेच्या खांबावरून नाही, तलावाच्या पाण्यावर लागली. हे ऐकलं की आजची पोरं खूश होतात. म्हणतात, आजी, त्या काळात एवढं डोकं? मी म्हणते, हो बापा, डोकं तर होतंच. आणि विषय बदलते. पुढचं सांगायला बसले तर ऐकणाऱ्याच्या तोंडचा घास कडू होईल. पण मी आता म्हातारी झाले, आणि ज्यांना हे ठाऊक होतं ते एकेक करून गेले. म्हणून एकदाच सांगते. पुन्हा कोणी विचारू नका.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. गाव तुमसरकडचं, बपेऱ्याच्या पलीकडचं, जंगलाच्या कडेचं. वर तलाव, तलावाची मातीची पाळ, पाळीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड. त्याची लाकडी बुचं काढली की पाणी पाटात येतं आणि पाटातून बांधीबांधीला जातं. ते बुच काढायचा हक्क एकट्या पाणकराचा. गावात कितीही मोठा माणूस असो, पाणकर नाही म्हणाला की नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा भादव्या-आश्विनात तुडूम उघडायचा, आणि धान पिकायला लागला की नारळ फोडून, माती आणि तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, दाबून बुजवायचा. एकदा बुजवला की धान घरी येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. आमचं घर पाळीखालचं, गावातलं अगदी शेवटचं. तुडूम चालू असला की पाण्याचा आवाज चुलीपर्यंत यायचा.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, बपेऱ्याला धानाच्या गिरणीत इंजिनावर होते. सकाळी सायकलनं जायचे, दिवेलागणीला यायचे. अंगाला डिझेलचा वास, आणि तोंडाला कुलूप. बोलायचे नाहीत म्हणजे रागानं नाही. शब्द वापरायची सवयच नव्हती. मी याच्या उलट. माझी सासू म्हणायची, हिच्या तोंडाले तुडूम नाही. घरात आम्ही तिघंच.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेर नव्हतं. सासरीच राहिले. आषाढातली संध्याकाळ होती. वादळानं पाण्याची सर आडवी येत होती आणि दिवस मावळायच्या आधीच घरात मिट्ट अंधार पडला. कंदिलाची काच फुटलेली, ती आणू-आणू म्हणत राहिली होती. रॉकेलची चिमणी लावली की वारा फुंकर मारायचा. दाई म्हातारी, गावातले अर्धे लोक तिच्याच हातचे. तिनं सगळं हातानं चाचपून केलं. मुलगा झाला. रडला नाही.

आमच्याकडे असं लेकरू आईला दाखवत नाहीत. दाखवलं तर आईचा जीव त्याच्यामागं ओढतो म्हणतात. त्या अंधारात दाखवायचं म्हटलं तरी काय दिसणार होतं? फडक्यात गुंडाळलं आणि नेलं. पाळीच्या पलीकडे मोहाच्या झाडाखाली कुठंतरी पुरलं. कोणतं झाड ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. मी नऊ महिने ज्याला पोटात वागवलं त्याचं नाक कसं होतं तेही मला माहीत नाही.

दाई हात धुवायला अंगणात गेली तेव्हा ओसरीवर हे बसले होते. ती बोलली ते मला आतून ऐकू आलं. "नाळ गळ्याले होती बापा. अंधारात मले समजलंच नाही. उजेड असता तं काढली असती."

म्हातारी दमली होती, भ्याली होती, काहीतरी बोलून गेली. पुढे लोकांनी समजूत घालायला शंभर गोष्टी सांगितल्या. नशीब, पूर्वजन्म, सटवीचा लेख. यांनी त्यातलं काहीच घेतलं नाही. ते एवढंच एक वाक्य उचलून बसले. उजेड असता तं.

महिनाभर ते घरात बसल्या बसल्या भिंतीकडे पाहायचे. मग एके दिवशी तुमसरच्या कबाड्याकडून ट्रकचा जुना डायनामो सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. मी विचारलं, हे काय वो आणि? म्हणाले, "बत्ती."

"कायची बत्ती? तार तं बपेऱ्याच्या पुढे आली नाही."

"पाण्याची."

मग पुढचं सव्वा वर्ष घरात दुसरा विषय नव्हता. पाटाचं पाणी आमच्या घराच्या मागे एका जागी कमरेएवढं खाली पडायचं. तिथं चाक बसवायचं, चाकावर पट्टा, पट्ट्यावर डायनामो, आणि तार ओढून घरात मोटारीचा बल्ब. पुढच्या बाळंतपणाला खोलीत लख्ख उजेड पाहिजे. हे त्यांनी मला कधी तोंडानं सांगितलं नाही. पण तार कुठून आत घ्यायची ते पाहायला आले तेव्हा चुलीपाशी पाहिलं नाही, ओसरीत पाहिलं नाही. सरळ त्या आतल्या खोलीत गेले आणि माझं अंथरूण होतं त्याच्या बरोबर वर खिळा ठोकला. मी दारात उभी होते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कायले? मीही तेच म्हणत होते. लग्नाला लागणारी गॅसबत्ती मिळत होती की. ती आणून ठेवा, काम होऊन जाते. तर म्हणाले, "गॅसबत्ती वाऱ्यानं भडकते, विझते. पाणी विझत नाही." मी म्हटलं ट्रकची बॅटरी आणा. तीही आणली होती एक, पण कबाडातली, भरली तरी तासाभरात मरायची. नवी आमच्या आवाक्यातली नव्हती. आणि खरं सांगू का, नवी कोणी फुकट दिली असती तरी यांनी चाकच केलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि पत्रा कापत राहिले. माणसाच्या छातीत काही अडकलं असलं की त्याच्या हाताला काम लागतं. मला ते कळत होतं. मला राग याचा होता की माझ्या हाताला काय द्यायचं ते कोणालाच सुचलं नाही.

गावाला तमाशा फुकटचा. पाटावर धुणं धुवायला येणाऱ्या बाया चाकाकडे पाहून तोंडाला पदर लावायच्या. एक दिवस पाणकर येऊन उभा राहिला. उंच, वाळका माणूस, गावात कोणालाच भीत नव्हता.

"काय गा, पाण्यातून बत्ती काढून राहिला म्हणते?"

"हो जी."

"पाण्यानं तं बत्ती विझते ना गा."

पाणकरानं चाकाभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "पाणी अडवायचं नाही. शेवटच्या बांधीले पाणी कमी पडलं तं मी हे उचलून फेकीन." आणि गेला. शेवटची बांधी त्याचीच होती.

पहिलं चाक लाकडाचं केलं. आश्विनात पाणी आलं तेव्हा बसवलं, तर दोन दिवसांत लाकूड फुगलं आणि चाक आसावर अडकून बसलं. ते सुधारेपर्यंत तुडूम बुजला. यातली गंमत अशी की पाटाला पाणी असेल तेवढेच दिवस चाक फिरवून पाहायचं; पाणी गेलं की वर्षभर हात चोळत बसा. हे अंगणात चाक उभं करून हातानं फिरवायचे. जेवण निवायचं. सासू म्हणायची, फिरव बापा, तेवढंच वारं लागते. दुसरं चाक बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावांचं, म्हणजे वरच्या कड्यांचं केलं. दोन धावांच्या मधे डांबराच्या ड्रमचा पत्रा कापून, वाटीसारखा वाकवून वीत-वीत अंतरावर बसवला. गिरणीतला टाकून दिलेला पट्टा आणला. गिरणीत कोणीतरी त्याला टर्बाईन म्हणालं, म्हणून गावात सगळेच टरबाईन म्हणायला लागले. टरबाईनवाल्याच्या घरची, अशी मला हाक पडायला लागली. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, तशी गत.

चैत्रात मला पुन्हा दिवस गेले. यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे पाहिलं. बोटांवर महिने मोजले. "पौषात," म्हणाले. तेवढंच.

त्या वर्षी भादव्यात पावसानं दडी मारली आणि तुडूम लवकर उघडला. सगळं गाव आभाळाकडे पाहत होतं, आणि हे एकटे पाटात गुडघाभर पाण्यात उभे राहून आनंदात होते. पहिल्या संध्याकाळी बल्ब लागला, असा पांढरा भडकला की मी डोळ्यांवर हात घेतला, आणि फट्दिशी गेला. पाणी जास्त झालं की चाक पळतं, डायनामो तापतो, बल्ब फुटतो. पाणी कमी झालं की दिव्यात नुसती लाल तार दिसते. मग त्यांनी चाकाच्या तोंडाशी एक फळी बसवली. ती हातानं वर-खाली करून पाणी नेमकं ठेवायचं. म्हणजे काय झालं, माणूस फळी धरून पाटात बसेल तेव्हाच घरात उजेड. आणि ती फळी ते दुसऱ्या कोणाला धरू द्यायचे नाहीत.

पण लागली हो बत्ती. खोटं कायले बोलू. तिन्हीसांजेला ती खोली अशी उजळली की भिंतीवरचं माझंच शेण-मातीचं सारवण मला नव्यानं दिसलं, त्यातली बोटं दिसली. आढं किती काळं झालंय ते दिसलं. सासूनं बत्तीला हात जोडले. गावातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकमेकींच्या तोंडाकडे पाहून हसत होत्या, जशा काही पहिल्यांदाच पाहत होत्या. मी त्या उजेडाखाली पाय पसरून बसले, पोटावर हात ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की हे पोर जगेल. तो माणूस वेडा नाही, मीच करंटी होते. मला वाटलं तसं. मी मागच्या दारातून ओरडले, "अजी, एकदा येऊन पाहा तं. घर कसं दिसते."

पाटातून आवाज आला, "मी आलो तं बत्ती हलते."

आश्विन संपेपर्यंत ती रोज संध्याकाळी थोडा वेळ लागायची. घरात उजेड असला की हे घरात नसायचे. बत्ती विझायची, मग ओले पाय घेऊन अंधारात आत यायचे आणि विचारायचे, "हलत होती का?" मी म्हणायची, थोडी हलली. दुसऱ्या दिवशी फळी घासून बसायचे. शेवटी शेवटी तर हलायची बंदच झाली.

कार्तिकात भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान पिवळा पडायला लागला. तुडूम बुजवायचा दिवस आला तेव्हा हे पाणकराकडे गेले. जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं त्या माणसानं. म्हणाले, पौषात एक दिवस एक बुच काढून द्या. पाणकर म्हणाला, "पौषात बांध्या रिकाम्या असतात. धान घरी, बैल घरी. एक बुच काढलं तं कोणाचं काय जाते? सांग मले तवा." दाईलाही सांगून ठेवलं. सासूनं नवस बोलला. सगळं नीट जुळलं होतं. चूक कोणाचीच नव्हती, हे मी आजही म्हणते.

पण लेकरू पौषापर्यंत थांबलं नाही.

मार्गशीर्ष लागला होता. भारी धानाची कापणी होऊन कडपा पडल्या होत्या. कडपा म्हणजे कापलेला धान बांधीतच ओळीनं आडवा पसरून ठेवतात, वाळायला. वाळला की भारे बांधून खळ्यावर. या दिवसांत पाटाचे काठ जागोजागी फोडलेले असतात, कारण बैलगाड्यांना बांधीत उतरायला वाट लागते. म्हणजे अशा वेळी तुडूम उघडला तर आमच्या चाकाच्या पुढं पाणी पाटात राहतच नाही. फुटलेल्या काठांतून सरळ कडपांवर जातं. ओला झालेला धान काळा पडतो, कणसातच कोंब फुटतात. वर्षभराचं खाणं. म्हणून कडपा पडल्या की तुडूमाचं नावसुद्धा घेत नाहीत.

दुपारी मी अंगणात सुपानं पाखडत होते. कंबरेत कळ आली ती थेट पायात उतरली. सूप हातातून गेलं. सासूनं दाईला बोलावलं. तिनं पाहिलं आणि सासूकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणतात सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही. ती तसं बोलली नाही, पण तिचे ओठ मी पाहत होते. गाडीनं तुमसरच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं तर बैल सगळे बांध्यांत, आणि दाई म्हणाली, गाडीत टिकणार नाही, रस्त्यातच होईल. यांना निरोप गेला. दिवस कलताना सायकल अंगणात पडल्याचा आवाज आला. आत आले नाहीत. तसेच पाणकराकडे धावत गेले.

तिथं काय झालं ते मला पाणकरानंच पुढे एकदा सांगितलं. म्हणाला, "मी म्हटलं, कडपा पडल्या आहेत गा, कसं काढू? तं तो गेला नाही. नुसता उभा राहिला. पाया पडला असता तं मी नाही म्हटलं असतं बाई. तो नुसता उभा राहिला."

मग पाणकर गावात ओरडत गेला, की पाणी सोडून राहिलो, कडपा उचला. आणि बापा, गाव उठलं. मला आत पडल्या पडल्या ऐकू येत होतं. बायांचे आवाज, पळणारी पावलं, एकमेकांना हाका. ज्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या त्याच सगळ्या बांध्यांत उतरल्या. आपल्या-परक्या न पाहता हातात येईल ती कडपा उचलून धुऱ्यावर, उंच बांधावर, टाकत होत्या. वाळलेला धान असा ओढून उचलला की निम्मे दाणे तिथंच झडतात. ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी थांबलं नाही. पाणकर थंड पाण्यात उतरला आणि त्यानं बुच काढलं. मला पाटाचा आवाज आला. मग पट्ट्याचा आवाज. आणि माझ्या डोक्यावर आधी लाल तार दिसली, मग पिवळी, मग पांढरी.

दाई म्हणाली, "बापा, आता दिसते सगळं."

सगळं दिसलं. मुलगी झाली, एवढीशी, हाताच्या ओंजळीत मावेल अशी. रडली नाही. दाईनं नाळ पाहिली, गळा पाहिला, तोंडात बोट घालून साफ केलं. पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, नाकात फुंकलं. कांदा फोडून हुंगवला. त्या लख्ख उजेडात तिचे हात काय करत होते ते मी एकेक पाहत होते. मग तिचे हात थांबले. ती सासूला हळूच म्हणाली, "नाळ साफ आहे. गळा मोकळा आहे. काहीच नाही वो. काहीच झालं नाही, तरी."

म्हणजे अंधारानं नेलं नव्हतं. पहिल्या वेळी उजेड असता तरी नेलंच असतं कदाचित. सव्वा वर्ष तो माणूस ज्या एका वाक्यावर जगत होता, त्या वाक्यात काही नव्हतं.

पुढचं काय झालं ते इथंच सांगून मोकळी होते. कडपा सगळ्या काही उचलून झाल्या नव्हत्या. खालच्या बांध्यांत पाणी भरलं. पाणकराची तर पूर्ण बांधी भिजली. त्या वर्षी अर्ध्या गावानं काळ्या पडलेल्या धानाचा, वासाचा भात खाल्ला. एकानंही आम्हाला शब्दानं दुखवलं नाही. मी पाटावर गेले की बाया माझी घागर आधी भरू द्यायच्या. कोणी भांडलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून भांडले असते, मला तेवढं तरी येत होतं. त्या चांगुलपणाखाली मी मेले. यांनी त्या चाकाला पुन्हा हात लावला नाही. पुढच्या भादव्यात तुडूम उघडायच्या आधी पाणकरानंच ते पाटातून काढून आमच्या अंगणाच्या कडेला आणून ठेवलं, फेकलं नाही. तिथंच ते गंजलं. मला पुन्हा दिवस गेले नाहीत. ऐंशीच्या पुढे कधीतरी गावात खरी वीज आली. आमच्या घरात घ्यायला मला दोन वर्षं भांडावं लागलं, आणि घेतली तरी संध्याकाळी बटण दाबलं की हे उठून ओसरीवर अंधारात जाऊन बसायचे. मरेपर्यंत तसेच बसले. ती दिसायला कशी होती, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी सांगायला तयार होते. रोज तयार होते.

कारण मी तिला पाहिलं. उजेडात लपवता येत नाही ना. सासूनं पदर आडवा धरला, पण त्या बत्तीपुढे पदराचं काय चालते? कपाळावर ओले केस चिकटलेले होते. भुवया होत्या, बारीक. हनुवटी यांची होती, अगदी यांची, मधे खळगा असलेली. मी हात पुढे केला आणि दाईनं, काय वाटलं तिला कोण जाणे, रीत मोडून तिला माझ्या हातावर ठेवलं. अजून गरम होती.

सासूनं डोळे पुसले आणि उठली. "त्याले सांगतो," म्हणाली. मी तिचा पदर धरला.

बत्ती हलत नव्हती. इतक्या दिवसांत कधी इतकी स्थिर लागली नव्हती. मार्गशीर्षातल्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून दोन्ही हातांनी फळी धरून ते उभे होते, आणि आमच्यापर्यंत त्यांचा फक्त तो उजेड येत होता. जोवर तो तसा लागला होता तोवर एका माणसाची लेक जिवंत होती. मी म्हटलं, "थांबा ना जरासं. लागू द्या."

सासू थांबली. आम्ही तिघी त्या उजेडात बसून राहिलो. कोणी रडलं नाही, कारण पाटापर्यंत आवाज गेला असता. मी तिचं तोंड पाहून घेतलं, बोटं पाहून घेतली. मग माझ्या हातातला पदर सुटला, की सासूनंच सोडवला, आठवत नाही. ती मागच्या दारानं गेली.

मी बत्तीकडे पाहत राहिले. आता ती गोठ्यापाशी असेल. आता बाभळीपाशी. आता पाटावर. बत्ती तशीच होती, पांढरी. मला वाटलं, पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकूच आलं नसेल, अजून थोडा वेळ नाही येणार. मग ती एकदा हलली. पिवळी झाली, लाल झाली. नुसती तार दिसली, आणि मग तीही दिसेनाशी झाली.

दाईनं अंधारात चाचपत काडेपेटी शोधली आणि चिमणी लावली.